वहिनीच्या हातची खुडूक

बसस्टँडवरून चालत घरी आले, अंगणात पिशवी ठेवली, आणि माझी तांबडी कोंबडी माझ्याकडे धावत आली नाही. तिने मान वर केली, एका डोळ्याने मला पाहिलं आणि पुन्हा वहिनीच्या पायाजवळच्या कण्या टिपायला लागली. वहिनी पडवीच्या कडेला बसून तांदूळ पाखडत होती. "ताय आल्या! आई, ताय आल्या!" म्हणत ती सूप ठेवून उठली, तशी कोंबडीही तिच्या मागोमाग आत गेली.

मी पिशवीपाशी उभीच राहिले.

तेव्हा मी ठाण्याला मावशीकडे राहून कॉलेजात शिकत होते. पनवेलला आगगाडी अजून यायची होती. एस.टी.ने धूळ खात यायचं आणि सुटी संपली की तशीच धूळ खात परत जायचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. वडील मिठागरावर कामाला होते, भाऊ भातगिरणीत, आणि आई परसातला भाजीपाला आणि अंडी घेऊन बाजारात बसायची. मला शिकवायचं असं या तिघांनी केव्हा आणि कसं ठरवलं, हे मला कोणी कधी सांगितलं नाही. मी आज जी काही आहे ती त्यांच्यामुळे आहे, हे लिहिताना माझा हात अडखळत नाही. पण त्याच घरात, त्याच माणसांमध्ये, त्या दिवाळीच्या सुटीत मी जळत होते, हेही तितकंच खरं आहे.

तांबडी मी वाढवली होती. ती अंगठ्याएवढी असताना तिच्या आईला घारीने उचललं. बाकीची पिल्लं एकेक करून गेली आणि ही एकटी राहिली. ते माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. मी तिला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टोपलीत ठेवायचे आणि टोपली कंदिलाच्या उबेला घेऊन अभ्यासाला बसायचे. मोठी झाल्यावरही ती माझ्या आवाजावर यायची. मी शाळेतून येण्याची वेळ झाली की ती कुंपणापाशी जाऊन उभी राहते, असं आई शेजारणींना सांगायची. ते ऐकून मला पहिल्या नंबराइतका आनंद व्हायचा.

वैशाखात भावाचं लग्न झालं. वहिनी उरणकडच्या एका गावातली, माझ्याच वयाची. रंगाने सावळी, हसरी, कामाला चपळ. लग्नात मीच भावाच्या मागे करवली म्हणून मिरवले होते. मग जूनमध्ये मी ठाण्याला गेले आणि दिवाळीला आले, तर घरातल्या सगळ्या वस्तूंच्या जागा बदललेल्या. माझी खुंटी तिच्या लुगड्यांनी भरलेली. माझ्या अभ्यासाच्या कोपऱ्यात तिची पत्र्याची पेटी. आणि पेटीच्या मागे, पेंढ्याच्या चुंबळीत, तांबडी रोजचं अंडं घालायची. म्हणजे माझ्या कोपऱ्यात ती अजून येत होती, पण आता माझ्यासाठी येत नव्हती.

पहिल्याच दिवशी दुपारी जेवायला बसलो. कोळीण मासे देऊन गेली होती आणि त्यात गाबोळी निघाली होती. माशाच्या पोटातली ही अंडी तव्यावर तळली की आमच्या घरात त्यावर कायम माझा हक्क असायचा. भाऊ लहानपणी त्यावरून रडायचा आणि आई त्याला सांगायची, "तिच्या डोळ्यांना पायजे, ती वाचते." त्या दिवशी आईने अख्खी गाबोळी वहिनीच्या ताटात वाढली.

मी भात कालवत राहिले. पण माझा चेहरा आईला वाचता यायचा.

"तिना दिवस गेलेत, बाय," आई हळूच म्हणाली. "तिच्या पोटाला पायजे."

वहिनी लाजून खाली बघायला लागली. मलाही आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो गाबोळीच्या मागून, जरा उशिराने आला.

दिवाळी झाली. फराळाचे डबे अर्धे झाले आणि एका सकाळी आई पडवीतून ओरडली, "तांबडी बसली गो!"

अंडी घालणं थांबवून उबवायला बसलेल्या कोंबडीला आमच्याकडे खुडूक म्हणतात. एरवी आमच्या घरी खुडूक कोंबडीचे लाड नसत. ती बसून राहिली की अंडी बंद, आणि अंडी बंद म्हणजे आईची बाजारातली पाटी हलकी. म्हणून आई तिला धरून गार पाण्यात बुडवायची, नाहीतर तिचंच एक पीस तिच्या नाकातून आरपार घालायची, आणि थोड्याच दिवसांत कोंबडी ताळ्यावर यायची. याला खुडूक मोडणं म्हणत. पण या वेळी तसं करायचं नव्हतं. पोटुशी बाई घरात असताना खुडूक मोडायची नाही, ही आईच्या माहेरची रीत होती. उलट अशा वेळी कोंबडी बसली तर तो शकुन मानायचा आणि तिच्याखाली अंडी ठेवायची, तीही पोटुशीच्या हाताने.

आमची अंडी दिवाळीत विकली गेली होती. म्हणून आई शेजारच्या काकीकडून अंडी घेऊन आली, अर्धेलीने. म्हणजे अंडी काकीची, कोंबडी आमची, आणि जी पिल्लं निघतील ती निम्मी निम्मी. काकी स्वतः बघायला आली. आईने टोपलीत पेंढा घातला, टोपलीला हळदकुंकू लावलं आणि वहिनीला समोर बसवलं. वहिनीने पदर डोक्यावर घेतला, एकेक अंडं कपाळाला लावलं आणि टोपलीत ठेवलं. मग तांबडीला उचलून त्यावर बसवलं आणि वरून बांबूचं डालगं झाकलं.

"आता हिच्याशिवाय कोनी डालगं उचलायचं नाय," आई म्हणाली. "जिच्या हातानं अंडी ठेवली तिनंच दाना-पानी बघायचा. दुसरा हात लागला का अंडी गार पडतात."

"पण कोंबडी माझी आहे," मी म्हणाले.

"कोंबडी घरची हाय," आई म्हणाली.

काकी खुदकन हसली. "कालेजात जाऊन बी कोंबडीवर हक्क सांगते गो ही!"

सगळे हसले. मीही हसले. मग परसात जाऊन विहिरीच्या कडेला बराच वेळ बसले.

डालगं उचलायची मनाई होती, बघायची नव्हती. मी येता-जाता त्याच्या फटीतून आत बघायचे. तांबडी पिसं फुलवून अंधारात बसलेली असायची. पहिल्या दिवशी मी फटीतून बोट घातलं. खुडूक कोंबडीजवळ बोट नेणं म्हणजे चोच खाणं, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. तांबडीने चोचलं नाही. ती फक्त डोळे मिटून बसली.  मला वाटलं, हिने मला ओळखलं. मधले सगळे महिने, वहिनी, कण्या, पेटीमागची चुंबळ, सगळं गळून पडलं आणि मी पुन्हा कंदिलाजवळ बसलेली तिची आई झाले. त्या आनंदात मी वहिनीसाठी दोन घागरी जास्त पाणी भरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आमचा कोंबडा हिंडत हिंडत डालग्यापाशी गेला आणि फटीतून आत डोकं घालून पेंढा ओढायला लागला. तांबडीने त्यालाही चोचलं नाही. खुडूक कोंबडी असा आगाऊपणा सहन करते होय? ती अंग फुगवून, घशातून कर्र कर्र करून सगळं घर डोक्यावर घेते. ही गप्प. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कालची ओळख ही ओळख नव्हतीच.

मग मी नीट बघायला लागले. शाळेत आमचे शास्त्राचे गुरुजी सांगायचे, आधी बघा, मग पुन्हा बघा, मग बोला. तांबडीची शेपटी खाली पडली होती आणि श्वासागणिक वरखाली होत होती. डोळे अर्धे मिटलेले. तुरा फिका, त्यावर जराशी काळसर छटा. आणि डालग्यापाशी वास नव्हता. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते, घाईघाईने खाते-पिते आणि अशी घाण करते की ओसरीवर बसवत नाही. इथे काहीच नाही.

"उठते का गं ती?" मी वहिनीला विचारलं.

"उठते ना. खाते, पिते, परत बसते." ती पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

मी आईला सांगितलं, "आये, ही खुडूक नाही. हिला काहीतरी झालंय."

आई बाजाराची पाटी भरत होती. "काय झालंय?"

"आजारी आहे ती."

आईने मेथीची जुडी हातात तशीच धरली आणि माझ्याकडे बघितलं. "बाय, शुभाच्या वेळेला असं नको बोलू. तुना बघवत नाय, ते मना कळतंय."

बाहेर वडील विडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "शिकते ना, मंग सगल्यांच्या परीक्षा घेते."

त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं. ते माझ्याबद्दल जे काही म्हणत ते कौतुकानेच म्हणत. पण आईचं बोलणं मला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. मला खरंच बघवत नव्हतं. वहिनीच्या हाताला आलेला शकुन फसावा, असं माझ्या मनात कुठेतरी होतं की नव्हतं, हे मला ठरवता येईना. मग मी जी खाली पडलेली शेपटी बघितली ती शेपटी होती की माझ्याच पोटातली आग? मी पुन्हा डालग्यापाशी गेले आणि शक्य तितक्या परक्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. शेपटी खालीच होती.

आता माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. डालगं उचललं आणि कोंबडी खरंच खुडूक निघाली, तर आईच्या लेखी मी वहिनीच्या पोटावर अपशकुन केला. तो डाग मला या घरात जन्मभर पुसता आला नसता. नाही उचललं आणि ती आजारी असली, तर तांबडी मरणार होती, आणि मी फटीतून ते बघत बसणार होते.

त्याच सकाळी आई बाजारात गेल्यावर मी परसात केळीपाशी कपडे वाळत घालत होते. केळीच्या मागे कोंबड्यांची झुंबड उडाली होती. कोंबडा एकेकीला हुसकावून लावत होता. मी जाऊन बघितलं. जमिनीवर भिजवलेले तांदूळ पडले होते. वहिनी तांबडीसाठी करवंटीत घेऊन जायची तेच. आणि पलीकडे, न्हाणीच्या भिंतीला टेकून, रिकामी करवंटी हातात धरून वहिनी उभी होती.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"रोज इथे टाकतेस?" मी विचारलं.

"ताय, वरडू नका." तिने करवंटी पदराआड धरली आणि डोळे पुसले. "ती खात नाय. बसल्यापास्ना एक दाना घेतला नाय तिनं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोनाला सांगू? माज्या हातानं बसवलीय. ती मेली तं काय बोलतील? हिचा हात वाईट हाय, बोलतील. आई बोलतील, काकी बोलंल. तुमी बी बोलाल."

"मी सगळ्यात आधी बोलले असते," मी म्हणाले.

ती रडता रडता हसली. "म्हायीत हाय मना."

मला तिची दया आली असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला आधी आनंद झाला. मी बघितलं ते खरं होतं. माझ्या जळण्याने ते रचलेलं नव्हतं.

"चल," मी म्हणाले. "डालगं तू उचल. तुझाच हात पाहिजे ना? तू उचल, मी बघते."

तिने उचललं. तांबडी उठली नाही, म्हणून वहिनीने तिला अलगद उचलून जमिनीवर ठेवलं. ती दोन्ही पाय फाकवून, अंग उभं ताठ करून उभी राहिली, म्हातारी माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहतात तशी. मी टोपलीत हात घातला. अंडी गार होती. उबवलेली अंडी हाताला माणसाच्या गालासारखी लागतात. ही पाटीतल्या विकायच्या अंड्यांसारखी. तांबडी त्यांच्यावर बसली नव्हतीच. ती त्यांना बाजूला सारून पेंढ्यात नुसती पडून होती.

मी तिच्या पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे बोटांनी हळूच दाबलं. आत काहीतरी टणक, गोल होतं.

"अंडं हाय," वहिनी कुजबुजली. तिनेही हात लावला होता.

"अडकलंय. खुडूक बसलीच नाही ती. अंडं घालायला बसली आणि अंडं येईना."

आम्ही तिला सगळ्या घराने मिळून अंधारात कोंडलं होतं, हळदकुंकू लावून.

पुढे काय करायचं हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. माझा विषय इतिहास होता. पण आदल्या वर्षी आमची शेळी अडली होती, तेव्हा आईने काय केलं ते मी दिवा धरून बघितलं होतं. कोमट पाण्याचा शेक आणि खोबरेल तेल. शेळीला जे चाललं ते कोंबडीला का चालू नये? मी चुलीवर पाणी ठेवलं. वहिनीने घमेलं घासून आणलं. पाणी कोमट झालं की नाही ते ती कोपर बुडवून बघत होती, बाळाच्या पाण्याचं बघतात तसं, आणि ते बघून मी उगाचच चिडले.

तांबडीला मी धरलं तर ती पंख झाडायला लागली. पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"द्या इकडं," वहिनी म्हणाली. "तुमच्या हाताला पुस्तकांचा वास हाय. ती घाबरते."

"आणि तुझ्या हाताला कसला आहे?"

"कन्यांचा."

तिने तांबडीला कमरेपर्यंत पाण्यात धरलं, आणि त्या कोंबडीने, जिला मी लुगड्याच्या तुकड्यात वाढवलं होतं तिने, आपलं डोकं वहिनीच्या कोपराखाली घातलं आणि डोळे मिटले. मी समोर बसून ते बघत होते. दुखण्याने अर्धमेल्या कोंबडीचा हेवा करता येत नाही, म्हणून मी वहिनीचाच करत राहिले.

पाणी गार झालं की मी गरम घालत होते. बऱ्याच वेळाने तांबडीचं पोट जरा सैल लागलं. मग तेलाचं काम आलं, आणि ते माझ्याकडे आलं, कारण वहिनीने तांबडीला धरून ठेवणं भाग होतं. मी करंगळीला खोबरेल लावलं.

"बी.ए.ला हे बी शिकवतात काय ताय?"

"गप बस आणि नीट धर."

"धरलीय. तुमी घाबरू नका. ती तुमाला मार्क नाय देनार."

तेल लावून झाल्यावर आम्ही तिला पेंढ्यावर ठेवलं आणि जरा लांब बसलो. दोघींचीही लुगडी भिजली होती. वहिनीचा एक हात आपल्या पोटावर होता. तिने तो तिथे मुद्दाम ठेवला नव्हता, पण काढतही नव्हती. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती, आणि कोंबडीसाठी नव्हे.

तांबडीने एकदा कण्हल्यासारखा आवाज काढला. अंग पुढे झुकवलं. शेपटी वर गेली. आणि अंडं पेंढ्यात पडलं.

मोठं, लांबट, खरबरीत अंडं होतं, दोन बलकांचं असावं तसं. कवचावर रक्ताची रेघ होती. तांबडी त्याच्याकडे न बघता दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. थंडीने काकडत होती. वहिनीने हाताला येईल ते ओढून तिच्याभोवती गुंडाळलं. ते माझं कॉलेजात नेसायचं पांढरं पातळ होतं, परत जाताना नेसायचं म्हणून तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेलं.

"वयनी!"

"अवो, दिसलं नाय मना!"

तिला दिसलं होतं. मी आजही पैजेवर सांगेन.

एवढ्यात आई आली. बाजार लवकर उठला होता. पाटी डोक्यावर तशीच, ती दारात उभी राहिली. उघडी टोपली, उघडी अंडी, पाण्याचं घमेलं, तेलाची वाटी आणि माझ्या पातळात गुंडाळलेली कोंबडी.

"खुडूक मोडलीत?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. तिने वहिनीच्या पोटाकडे बघितलं.

"मी केलं," मी म्हणाले. "ती खुडूक नव्हती. अंडं अडकलं होतं. मी काढलं."

काकीने पुढे ही गोष्ट सगळ्या आळीत सांगितली ती अशी, की नणंदेने भावजयीवरचं बालंट स्वतःच्या अंगावर घेतलं. मी ते खोडून काढलं नाही. पण खरं म्हणजे मला ते श्रेय हवं होतं. अख्खं, वाटणी न करता.

"आमी दोघींनी केलं, आई," वहिनी मागून म्हणाली.

मला तिचा इतका राग आला!

आईने पाटी उतरवली. खाली बसून तांबडीच्या पोटावरून हात फिरवला. मग ते अंडं उचललं, उजेडाला धरलं, रक्ताची रेघ बघितली.  शेवटी म्हणाली, "मेली असती."

मग ती मीठ-मोहरी घेऊन आली. "कोनाची नजर लागली तिना, ते मना म्हायीत हाय," असं म्हणत तिने ते अंडं तांबडीवरून ओवाळलं. मग वहिनीला समोर बसवून वहिनीवरून ओवाळलं. मी उठून जायला लागले, तर म्हणाली, "तू कुठं चाललीस? बस."

"मला कशाला? माझीच लागली ना?"

"बस बोलते ना. तू येस्टीत बसून जातेस तवा सगला गाव दारात येऊन बघतो. तुना काय कमी नजर लागते?" आणि तिने तेच अंडं माझ्यावरूनही उतरवलं. एका अंड्याने तिघींची दृष्ट काढली, आणि त्यात कोंबडीचा नंबर पहिला होता. मग पळस्पे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन, मागे न बघता, ते फेकून आली.

मी हळूच बघितलं. वहिनी माझ्याकडे बघत होती. येस्टीचं ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी लगेच ओळखलं. ते ओळखायला मला कोणाकडून शिकावं लागलं नाही.

काकीची अंडी आता उबवण्याच्या कामाची नव्हती. आईने ती उकडून रस्सा केला. संध्याकाळी काकी वाडगा घेऊन हजर झाली. "पिल्लांची अर्धेली होती, आता कालवनाची द्या," म्हणाली, आणि निम्मी अंडी मोजून घेऊन गेली.

तांबडीला पायावर यायला वेळ लागला. वडिलांनी खाडीवरून कालवांचे शिंपले आणले. ते मी पाट्यावर कुटून तिच्या मऊ भातात घालायचे, कवच घट्ट व्हावं म्हणून. गुळाचं कोमट पाणी वहिनी द्यायची. कोणी आधी द्यायचं यावरून आमची सकाळी शर्यत लागायची. वहिनीला सकाळी मळमळायचं, त्यामुळे बहुतेक वेळा मी जिंकायचे, आणि तांबडी माझ्या हातून चार घास खायची. पण वहिनी दारात आली की खाणं सोडून तिकडे बघायची. मी तिची मान धरून भाताकडे वळवायचे.

पुढे माघात तांबडी खरोखर खुडूक बसली. चोच मारून वहिनीचा हात रक्ताळून टाकला म्हणे. वहिनीने अंडी ठेवली आणि छान पिल्लं निघाली. मी तेव्हा ठाण्याला होते. मला ते सगळं नंतर ऐकायला मिळालं, शिळं गरम करून वाढलेल्या जेवणासारखं.

पण त्या दिवाळीच्या सुटीचा शेवटचा दिवस मला नीट आठवतो. माझी पिशवी दारात भरून ठेवलेली होती. पांढरं पातळ धुऊन पुन्हा इस्त्री केलं होतं, वहिनीने. त्यावर एक फिकट डाग राहिला होता तो राहिलाच. दुपारी जेवायला बसलो आणि आईने तव्यावरून गाबोळी काढली. या वेळी एकच होती, फार मोठी नाही. तिने उलथन्याने तिचे दोन तुकडे केले. एक वहिनीच्या ताटात घातला, एक माझ्या.

मी माझ्या तुकड्याकडे बघितलं. मग वहिनीच्या ताटाकडे बघितलं. तिचा तुकडा जरासा मोठा होता असं मला वाटलं. मी मान वर केली, तर वहिनी माझ्या ताटाकडे बघत होती.

"जेवा गो," आई म्हणाली. "बस सुटंल."